मळहातावरचा डाग

४ जून

ताई,

आधी उंदराचं सांगते, नमस्कार शेवटी करीन. ओट्याखाली सापळा लावला होता, त्यात परवा सकाळी एक गलेलठ्ठ सापडला. सापळ्याची तार मानेवर बसायच्या ऐवजी कमरेवर बसली होती, त्यामुळे अर्धा जिवंत. तुमची भाची 'सोड ना गं त्याला, सोड ना' करून नाचायला लागली. मी म्हटलं, भिंगरे, जीवशास्त्र असं नाचून येत नाही. जुनी चप्पल घेतली आणि तीन फटक्यांत काम संपवलं. मग वर्तमानपत्र, ब्लेड आणि टाचण्या. तासभर रडली, पण रडून झाल्यावर काळीज, फुप्फुसं, आतडी वेगळी मांडून एकेकाचं माप घेतलं. दहा वर्षांच्या पोरीने! शाळेत असती तर पुस्तकातल्या उंदराला रंग भरत बसली असती.

मी शाळेतली नोकरी सोडून दोन वर्षं झाली आणि तेव्हाच भिंगरीलाही काढलं. लोक अजून नाकं मुरडतात. मुरडोत. अठ्ठेचाळीस पोरांपुढे घसा फोडण्यापेक्षा एकीला नीट घडवीन. आमच्याकडे भात शिजतो तेव्हा वाफेचा धडा होतो, चादरी वाळत घातल्या की बाष्पीभवनाचा. जिन्याच्या पायऱ्यांवर गुणाकार चालतो. पत्र म्हणजे भाषेचा तास, म्हणून तर तुम्हाला फोन करत नाही. माझ्या पत्राखाली तिचं पत्र असेल, चुका काढून परत पाठवा.

तुमचे बंधुराज दिवसभर लोकांच्या इमारती पाडून येतात. अंगभर विटांची धूळ, हात म्हणजे घणच. वहीकडे बघतात आणि म्हणतात, पुरे आता, खेळू दे तिला. त्यावरून परवा घरात आवाज चढले. कपाटाचं दार निखळलंय. असो. आता त्याला बिजागरी बसवायची, म्हणजे आणखी एक धडा.

हा घ्या नमस्कार.

तुमची भावजय

आत्या, उंदराच्या शेपटीत बारीक मणके असतात. मी मोजले तर सव्वीस आले. आई म्हणाली पुन्हा मोज. पुन्हा सव्वीस आले. मग सगळा दिवस मोजले. शेवटी अठ्ठावीस आले. — भिंगरी


१४ जून

मास्तरीणबाई,

तुझा उंदीर मी जेवणाच्या सुट्टीत वाचला आणि डबा तसाच घरी परत नेला. यापुढे प्राणी फाडायचे असतील तर पाकिटावर तसं लिहीत जा.

तुला वाटेल, भाजलेल्यांच्या वॉर्डात एकोणीस वर्षं पट्ट्या सोडणाऱ्या बाईला उंदराचं काय एवढं? पण वॉर्डातलं मी वॉर्डात ठेवून येते. आज सकाळचीच गोष्ट. एका बाईची पाठ मानेपासून कमरेपर्यंत सोलून निघालेली. नवऱ्याने उकळतं पातेलं ओतलं. तो बाहेर बाकावर बसून मला विचारतो, 'सिस्टर, घरी कधी सोडणार हिला? माझ्या जेवणाचे हाल होतायत.' माझ्या हातात चिमटा होता. तो मी कसा आवरला ते माझं मला ठाऊक. मग आमची ती जाडी नोंदवही काढली, पोलिसांना कळवलं, सही केली. दर आठवड्याला दोन-तीन तरी नोंदी होतात.

आता मुद्द्याचं. कपाटाचं दार आपोआप निखळत नाही. तू हसण्यावारी नेलंस, मला नेता येत नाही. आमचा बाप काय होता ते तू पाहिलेलं नाहीस. कमरेचा पट्टा काढला की बक्कल कोणत्या बाजूला आहे हेही बघायचा नाही. आणि तुझा नवरा चौदा वर्षांचा असताना त्याने पाण्याच्या पाइपाने त्याच बापाच्या गळ्याचं हाड मोडलं. रक्त बघूनही थांबला नाही, मला ओढावं लागलं त्याला. तेव्हापासून त्याच्याकडे बघताना मला नेहमी वाटतं, खाण तशी माती. माझा भाऊ आहे, जीव आहे माझा त्याच्यावर. पण त्याचा आवाज चढला की तू भिंगरीला घेऊन शेजारी जाऊन बसत जा, एवढं माझं ऐक.

भिंगरीला सांग, मोजून सव्वीस आले असतील तर सव्वीसच लिहायचे.

ताई


३ जुलै

ताई,

दहा-बारा दिवस पत्र लिहिता आलं नाही. भिंगरीचा डावा हात भाजला. घाबरू नका, इस्त्री लागली. मी कपड्यांना इस्त्री करत होते आणि आमचा उष्णतेच्या वहनाचा धडा चालू होता, त्यात झालं. आता बराच बरा आहे.

पण ताई, या पोरीचं कौतुक करावं तेवढं थोडं. दुसरं पोर असतं तर अंथरुणात कण्हत पडलं असतं. हिने जखमेची निरीक्षणवही केली! एक अक्षर मी सांगितलेलं नाही. हात कागदावर ठेवून कड आखली, डाग काढला, रोज पट्टीने मापून नोंद ठेवली. त्या पानाची नक्कल तिच्याकडून करून घेतली आणि सोबत पाठवतेय. तुमच्या वॉर्डातल्या डॉक्टरांना जरूर दाखवा. घरी शिकलेल्या मुलांना काही येत नाही म्हणणाऱ्यांच्या तोंडावर फेकण्यासारखं पान आहे.

बाकी ठीक म्हणायचं. तुमचे बंधुराज हल्ली तिला सकाळपासून आपल्याबरोबर कामावर घेऊन जातात. नजरेआड होऊ देत नाहीत. धुळीत बसून राहते बिचारी, अभ्यासाचं वाटोळं. मी काही म्हटलं की हातातली वस्तू भिंतीवर जाते. इस्त्रीसुद्धा त्यातच गेली, खाली फरशीला भोक पडलंय.

तुमची भावजय

(सोबतचं पान)

डावा हात, मागची बाजू. 
दिवस १: लाल. कडा सरळ. लांबी ४ सेंमी, रुंदी ३.९ सेंमी. आकार त्रिकोणी. 
दिवस २: फोड. आत पिवळसर पाणी. 
दिवस ४: फोड फुटला. लांबी तेवढीच. 
दिवस ९: कडेने गुलाबी कातडी, मधे ओलं. 
कोनमापकाने इस्त्रीचं टोक मोजलं: ५२ अंश. डागाचं टोक मोजलं: ५२ अंश. दोन्ही सारखे आहेत.


७ जुलै

मास्तरीण,

डॉक्टरांना दाखवायची गरज पडली नाही. मी स्वतःच ते पान तीनदा वाचलं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तुला वाटलं मी कौतुक करीन. आता मी काय वाचलं ते सांगते, नीट ऐक. पोर आपणहून गरम वस्तूला हात लावतं तेव्हा बोटांची पेरं भाजतात, तळहात भाजतो. तिचा डाग मळहातावर आहे, तळहाताच्या पाठीवर. बरं, जाता-येता इस्त्री लागली म्हणावं तर ओरखड्यासारखा लांबट डाग उठतो, एका कडेला गडद, दुसऱ्या कडेला फिकट, कारण माणूस हात झटकतो. झोपलेलं बाळसुद्धा झटकतं. हिच्या डागाच्या कडा सरळ आहेत. इस्त्रीचं टोक आणि डागाचं टोक अंशाला अंश जुळतंय. म्हणजे इस्त्री टेकली तेव्हा हात हलला नाही. तापलेल्या लोखंडाखाली पोराचा हात हलत नाही, तो फक्त कोणीतरी घट्ट धरून ठेवला असेल तर.

असे हात मी मोजता येणार नाहीत इतके पाहिलेत. माझ्या भाचीचा पाहायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

त्याने धरला ना? आणि आता ती कोणाला सांगेल म्हणून दिवसभर बरोबर घेऊन फिरतो ना? तू घाबरतेस हे मला कळतं. लांबलचक लिहू नकोस. हो किंवा नाही, एवढंच कळव.

ताई


१० जुलै

ताई,

तुमचं पत्र आलं तेव्हा हे घरात होते, म्हणून कणगीत लपवून ठेवलं आणि आज वाचलं.

हो किंवा नाही म्हणता. माझ्या नवऱ्याविषयी असं मी कशी लिहू? तुम्ही त्याच्या पाठची बहीण नाही, थोरली बहीण आहात, लहानाचा मोठा तुमच्यासमोर झाला. माझ्यापेक्षा तुम्ही त्याला जास्त ओळखता. तुम्ही जे ओळखलंत त्यावर मी काय बोलणार?

एवढं सांगते की त्या दिवशी नंतर तोच रडत होता. तिचा हात नळाखाली धरून अर्धा तास बसला, 'माझी चूक झाली, माझी चूक झाली' म्हणत होता. मग उठून इस्त्री आपटली. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. परवा मुकादमाने सांगितलं म्हणे की पाडकामाच्या जागी पोर आणायचं नाही. तेव्हापासून एकच धोशा लावलाय, भिंगरीला घेऊन जातो म्हणून. सोमवारी वीस तारखेपासून रजा टाकलीय. कुठे नेणार, परत आणणार की नाही, काही सांगत नाही. मी दारात आडवी झाले तर मला उचलून बाजूला ठेवेल. तेवढी ताकद आहे त्याच्यात, तुम्ही जाणताच.

ती गेली तर मी काय करू, ताई? माझ्याजवळ दुसरं काय आहे? सकाळी उठून कोणाला शिकवू?

तुमची भावजय


१४ जुलै

मास्तरीण,

ताकाला जाऊन भांडं लपवलंस तरी मला जे कळायचं ते कळलं.

तो तिला कुठेही नेणार नाही. माझे दोघे दीर मालधक्क्यावर पोती उचलतात, तुला माहीतच आहेत. रविवारी सकाळी पोचतील. मी त्यांना सांगितलंय, ज्या हाताने पोरीचा हात धरला तो हात. शेंडी तुटो की पारंबी तुटो. आमच्या बापाला वेळेवर कोणी असं भेटलं असतं तर आम्ही दोघं वेगळी माणसं झालो असतो.

तू भिंगरीला घेऊन नऊच्या आधी घराबाहेर पड. तिने बघायला नको.

ताई


२२ जुलै

ताई,

झालं. तुम्ही म्हणालात त्याच हाताचं झालं.

आम्ही बाहेर पडणारच होतो, पण ते साडेआठलाच आले. भिंगरी जिन्यात होती. थोरल्याने विचारलंसुद्धा नाही, सरळ तोंडावर ठोसा. यांचे दोन दात फरशीवर पडले. धाकट्याने मागून दोन्ही दंड आवळले. दाराआड यांचीच पहार उभी असते, कामाची, ती घेतली. यांना गुडघ्यांवर पाडलं, उजवा हात उंबऱ्यावर ठेवला आणि मनगटावर पहार घातली. दोनदा. सुकी फांदी मोडते तसा आवाज आला. नंतर बरगड्यांत लाथा. मी मोजल्या नाहीत. रक्त पायऱ्यांवरून खालच्या मजल्यापर्यंत गेलं, ते मी बादलीभर पाण्याने धुतलं.

ताई, यांनी हात उचलला नाही. एकदाही नाही. रोज भिंती फोडणारा माणूस, मनात आणलं असतं तर दोघांना खिडकीतून खाली टाकलं असतं. पण भिंगरी बघतेय म्हटल्यावर तिच्याकडे मान वळवली आणि तसेच राहिले.

आता सरकारी दवाखान्यात आहेत, शस्त्रक्रिया झाली. जिन्यावरून पडलो असं त्यांनीच लिहून दिलं.

घर शांत आहे. अभ्यास नीट सुरू केलाय, बुडालेलं भरून काढायचंय. भिंगरी बोलत नाही. बोललं नाही तर उत्तर कसं कळणार, असं मी तिला समजावते आहे. या वेळी तिने पत्र लिहिलेलं नाही.

तुमची भावजय


२३ जुलै

आत्या,

हे पत्र आईला माहीत नाही. पत्ता मला पाठ आहे आणि तिकीट बाबाच्या डब्यात होतं.

तू माणसं का पाठवलीस? बाबा त्यांना म्हणाला, ताईला फोन लावा, एकदा तिच्याशी बोलू द्या. त्यांनी लावला नाही. बाबा मला तुझ्याकडेच आणणार होता. सोमवारी. त्याने माझे कपडे पिशवीत भरले होते. तो म्हणाला, आत्याला फोनवर सांगता येणार नाही, समोर बसून सांगू, ती नर्स आहे, तिला सगळं कळतं.

हात बाबाने नाही धरला. आईने धरला.

आई अभ्यास घेताना मारते. पट्टीने, लाटण्याने, कधी केस धरून. बाबा कामावर असतो तेव्हा. आई म्हणायची, उत्तर चुकतं म्हणून मारते. आईनेच शिकवलंय की एखाद्या गोष्टीचं कारण शोधायचं असेल तर बाकी सगळं सारखं ठेवायचं आणि एकच गोष्ट बदलायची. म्हणून जूनमध्ये मी प्रयोग केला. बारा दिवस. पहिले चार दिवस मी सगळी उत्तरं बरोबर दिली. आदल्या दिवशी पाठ करून ठेवली होती. नंतरचे चार दिवस रोज एक उत्तर मुद्दाम चुकवलं. शेवटचे चार दिवस, येत नाही, एवढंच म्हणाले.

पहिल्या चार दिवसांत मार तीन दिवस बसला. दुसऱ्या चार दिवसांत तीन दिवस. शेवटच्या चार दिवसांत दोन दिवस. फार फरक नाही. म्हणजे माझ्या उत्तरामुळे मार बसत नाही. खरं कारण अजून सापडलेलं नाही. पण ते मी नाही एवढं नक्की झालं.

ती वही आईला सापडली. ती म्हणाली, माझ्यावर प्रयोग करतेस? मग म्हणाली, उष्णता वहीत कळत नाही, अनुभव घ्यावा लागतो. उजवा हात लिहायला लागतो म्हणून डावा घेतला. बाबा तेव्हाच जिन्यातून वर आला. त्याने तिला ढकललं आणि मला नळाखाली नेलं. माझी चूक झाली म्हणाला, कारण त्याला इतके दिवस कळलं नव्हतं. कपाटाचं दार पण त्याने नाही मोडलं. मी त्यात लपले होते, आईने ते ओढलं.

वही आईने जाळली. आकडे मला पाठ होते.

बाबा दवाखान्यात आहे आणि मी इथे आहे. आज अभ्यास सात तास झाला.

भिंगरी


२९ जुलै

धाकट्या भावा,

तू माझ्याशी बोलणार नाहीस म्हणून लिहितेय. काल मी तुझ्या खाटेशी उभी होते तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून पडलास. बरोबर केलंस. मी तुझ्या जागी असते तर थुंकले असते.

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी. एकोणीस वर्षं दुसऱ्यांची कातडी वाचते आणि सख्ख्या भावाला वाचता आलं नाही. डाग मी बरोबर ओळखला. धरणारा हात कोणाचा, ते ओळखायची मला गरजच वाटली नाही, कारण माझ्या मनात तू आधीपासून ठरलेला होतास. बापाचं हाड तू मोडलंस तेव्हा तो पट्टा कोणाच्या पाठीवर पडत होता? माझ्याच ना? एवढी साधी गोष्ट मी मास्तरणीला लिहिताना विसरले. तू मला सोडवलंस आणि मी त्याचीच भीती धरून बसले, तीस वर्षं.

आणि नोंदवही? परक्या बायकांसाठी मी दर आठवड्याला पोलिसांना कळवते. घरची वेळ आली तेव्हा दीर पाठवले.

भिंगरीचं पत्र परवा दुपारी मिळालं. तशीच ड्युटीच्या कपड्यांत निघाले, काल सकाळी तुझ्या घरी पोचले. दार उघडंच होतं. टेबलावर पाण्याची थाळी, त्यात मेणबत्ती, वर उपडा पेला. मास्तरीण हसून म्हणाली, 'या ताई, अगदी वेळेवर आलात. पाणी का चढतं ते ही आता सांगणार आहे.' भिंगरीचा एक कान फाटला होता, रक्त मानेवर वाळलेलं. समोर पट्टी.

तिच्या बायकोचा, म्हणजे तुझ्या बायकोचा — बघ, काय लिहितेय मी — तिचा अंबाडा धरला आणि डोकं टेबलावर आपटलं. पुन्हा आपटलं. पेला फुटला. तिच्या भुवईतून रक्त आलं तेव्हा म्हणाली, 'शाळेत पोरांना मारायचे त्याच्या निम्मंही हिला मारत नाही हो मी. हिच्यावर जीव आहे माझा.' त्यासाठीच शाळेने तिला काढलं होतं, आपल्याला वाटत होतं ती सोडून आली. मला तिची कीव आली, आणि तरी तिसऱ्यांदा हात उगारलाच. तेवढ्यात भिंगरी किंचाळली. दहा दिवसांत तिचा पहिला आवाज.

मी तिला जवळ घ्यायला गेले तर माझ्या दंडाला चावली. असली चावली की आमच्याच वॉर्डात टाका घालावा लागेल. मग विचारते, 'ती माणसं तुझ्या घरी राहतात का?' राहतात. एकाच घरात राहतो आम्ही.

तिला घेऊन पोलिसात गेले, तिचा हात, तिचा कान, सगळं नोंदवलं. माझ्या दिरांचंही सांगितलं आणि माझंही. तू जिन्यावरून पडला नाहीस असं आता लेखी आहे, तुला चालो वा न चालो. मास्तरणीला तिचा भाऊ येऊन घेऊन गेला, पोलिसांनी बोलावलं की हजर राहायचं आहे.

सध्या मी आणि भिंगरी दवाखान्यासमोरच्या नर्सेसच्या वसतिगृहात एका खोलीत आहोत. भिंगरी बूट घालूनच झोपते. मी उठले की भिंतीला टेकते.

एक मागते, तोंड नाही तरी मागते. तिला माझ्याकडे राहू दे. दिरांचं घर मी सोडते, वेगळी खोली घेते, नोकरी दिवसपाळीची करते. माझ्या हातून एवढं तरी होऊ दे.

ताई


४ ऑगस्ट

ताई,

डाव्या हाताने लिहितोय, अक्षराला हसू नकोस. तुला सणसणीत शिव्या द्यायच्या होत्या, पण डाव्या हाताने लांब शिवी लिहवत नाही.

मनगटात लोखंडी पट्टी घातलीय. डॉक्टर म्हणाले, पेला उचलता येईल, घण नाही. मुकादम येऊन गेला. पाडकामाच्या जागेवर पहारेकऱ्याचं काम देतो म्हणाला.

पोलिसांत दिलंस ते बरं केलंस. मी भीतीने दिलं नव्हतं. वाटायचं, माझ्यासारख्या माणसाचं कोण खरं धरणार? बायको शिकलेली, मास्तरीण, आणि मी भिंती पाडणारा. म्हटलं ताईकडे जाऊ, ती आपलं ऐकेल. उंबऱ्यावर हात ठेवला होता तेव्हाही मला वाटत होतं की काहीतरी घोटाळा झालाय, ताईने यांना पाठवलं असणं शक्य नाही. मनगटापेक्षा ते जास्त दुखलं. अजून दुखतं.

तुझ्यावर राग नाही असं म्हणणार नाही. आहे. कमी होईल तेव्हा सांगेन.

तू मागितलंस त्याबद्दल. काल भिंगरी इथे खाटेवर बसली होती. मी तिला विचारलं, कुठे राहशील? मुकादमाची बायको दोन-तीन महिने सांभाळते म्हणालीय, मी उभा राहीपर्यंत. आणि आत्याही म्हणतेय. दोन्ही सांगितलं, माझं मत घातलं नाही. ती म्हणाली, मुकादमाच्या घरी. का, ते मी विचारलं नाही. तिनेच सांगितलं, 'बाबा, आत्याला माझा हात बरोबर कळला. पण मग तिने मला विचारलंच नाही. तुलापण नाही.'

तिला खोटं सांगून तुझी बाजू घ्यायची होती, जमलं नाही.

तेव्हा ती तुझ्याकडे राहणार नाही. तिच्या हाताची पट्टी मात्र अजून बदलायची असते आणि कोणालाच ती हात लावू देत नाही, तुलाही देईल की नाही माहीत नाही. तू येत जा. संध्याकाळी पाच वाजता ती इथे असते. एकटी ये. दारात थांब आणि तिला विचार, आत येऊ का म्हणून.

नाही म्हणाली तर परत जा. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचार.

तुझा भाऊ